कोणत्या तारखेपासून?

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण फार हसत हसत वापरतो. आजोबांनी कपाळावरचा चष्मा घरभर शोधला, आजीने नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली, की घरातले कोणी तरी ही म्हण म्हणते आणि फराळाच्या ताटांभोवती हशा पिकतो. त्या हशात आजोबाही सामील असतात. म्हणीत निर्दयपणा नाही असे नाही. परंतु तो निरुपद्रवी असतो, कारण आजोबांच्या विसरण्याने फार तर दुधाचा हिशेब चुकतो. ज्याच्या विसरण्याने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो अशा माणसाची बुद्धी ढळू लागली तर काय करावे, हा प्रश्न त्या म्हणीच्या कर्त्याला पडला नसावा. मला तो पडला, आणि तोही पोटापाण्याच्या निमित्ताने.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका गावी मी अठरा वर्षे एका वकिलाच्या कचेरीत काम केले. मी वकील नव्हे. कागद लावणे, तारखा जुळवणे, अशिलांशी फोनवर बोलणे, एवढेच माझे काम. त्या वकिलांचा व्यवसाय मात्र जरा निराळा होता. आजारपणामुळे ज्यांना आपले काम सोडावे लागते अशा डॉक्टरांचे विमा कंपन्यांशी चालणारे दावे ते लढवीत. हात कापू लागलेले, पाठ मोडलेले, दृष्टी गेलेले डॉक्टर पुष्कळ येत. पण ज्यांची फाइल उघडताना माझा हात किंचित थांबे, ते बुद्धी क्षीण होत चाललेले डॉक्टर. कोणाला पन्नाशीतच अल्झायमर झालेला, कोणाला मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेला, कोणाला पार्किन्सनच्या मागोमाग विसराळूपणा आलेला. १९६५ च्या अमेरिकन इमिग्रेशन कायद्यानंतर आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर तिकडे गेले. त्यामुळे त्या रांगेत अधूनमधून मराठी माणूसही असे, आणि मग वकीलसाहेब मला आत बोलावीत.

हा विमा म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे तो फारसा परिचित नाही. आपल्याकडे अपंगत्वाचा विमा म्हटला म्हणजे मुख्यतः अपघाताचा. तिकडे डॉक्टर तरुणपणीच एक पॉलिसी घेतो, तिचा हप्ता वर्षानुवर्षे भरतो, आणि आजाराने काम करणे अशक्य झाले तर कंपनी त्याला पासष्टीपर्यंत, किंवा पॉलिसीत लिहिले असेल त्या वयापर्यंत, दरमहा ठराविक रक्कम देते. यातल्या उत्तम पॉलिसीत 'स्वतःचा व्यवसाय' असे शब्द असतात. म्हणजे शस्त्रक्रिया करणाऱ्याला शस्त्रक्रिया करता येईनाशी झाली की पुरे. 'तुम्ही कॉलेजात शिकवू शकता की!' असे कंपनीला म्हणता येत नाही. १९८० च्या सुमारास कंपन्यांनी अशा पॉलिसी डॉक्टरांना अगदी गळ घालून विकल्या. पुढच्या दशकात दावे वाढले, तेव्हा त्यांचे हात आखडले. कंपन्यांना सरसकट खलनायक करण्याची मला हौस नाही. पेशाला कंटाळलेले काही महाभाग दुखणे काढून पैसे घेत, हेही मी पाहिले आहे. त्यांचा भार शेवटी खऱ्या आजाऱ्यावरच पडतो. कंपनी सगळ्यांकडेच संशयाने पाहू लागते.

आता त्या दाव्याच्या अर्जातला एक रकाना पाहा. रकाना लहानसा आहे. 'आपण आपल्या व्यवसायातील मुख्य कामे कोणत्या तारखेपासून करू शकत नाही?' पाय मोडलेल्या माणसाला हा रकाना भरायला अर्धे मिनिट लागते. परंतु बुद्धी काही जिन्यावरून पडत नाही. ती संध्याकाळच्या उजेडासारखी जाते. दिवा कधी लावायचा हे ज्याने त्याने ठरवावे. मग तारीख कोणती घालावी? पहिल्यांदा औषधाचे नाव आठवले नाही ती? बायकोने पहिल्यांदा 'अहो, हे आत्ताच विचारलंत की' म्हटले ती? की मेंदूरोगतज्ज्ञाने निदान कागदावर उतरवले ती?

तारीख अलीकडची घातली तर कंपनी मागचे महिने उकरते. त्या महिन्यांत डॉक्टर हळूहळू काम कमी करीत आलेला असतो. मग कंपनी म्हणते, अपंगत्व आले तेव्हा तुमचा व्यवसाय शस्त्रक्रियेचा राहिलेलाच नव्हता, तुम्ही तर बाह्यरुग्ण तपासत होता, आणि तेवढे तुम्हाला अजून जमते. तारीख मागची घातली तर त्याहून कठीण प्रश्न उभा राहतो: त्या तारखेनंतर आपण ज्या रोग्यांवर उपचार केलेत, ते कोणत्या बुद्धीने केलेत? एकाच सहीने माणूस निर्वाहाचा हक्क मागतो आणि स्वतःविरुद्ध साक्षही देतो. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी ही गत आहे.

माझ्या आठवणीतले एक प्रकरण सांगतो. ओळख पटेल असे तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. मुंबईत शिकलेले, अठ्ठावन्न वर्षांचे, पोटाच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन. एके सकाळी हजारदा केलेल्या शस्त्रक्रियेच्या मध्यावर ते थांबले. पुढची पायरी आठवेना. शेजारी उभी असलेली, वीस वर्षांची सहकारी असलेली परिचारिका. तिने एक शब्द न बोलता योग्य ते हत्यार त्यांच्या हातावर ठेवले. हात चालू लागला. रोगी बरा होऊन घरी गेला. त्या दोघांखेरीज कोणाला काही कळले नाही.

त्यानंतरच्या आठवड्यापासून त्यांनी मोठ्या शस्त्रक्रिया घेणे बंद केले. पाठ दुखते असे सांगितले. हर्निया वगैरे लहान कामे आणि ओ.पी.डी. एवढेच ठेवले. असे आठ महिने गेले. मग निदान झाले, काम सुटले, दावा गेला आणि नकार आला. नकाराची कारणे दोन. एक, वर सांगितलेले: तुमचा व्यवसाय आता निराळा आहे. दुसरे कारण असे, की बुद्धीच्या चाचणीत तुम्हाला मिळालेले गुण तुमच्या वयाच्या माणसाच्या सरासरीइतके आहेत.

या दुसऱ्या कारणापाशी थोडे थांबले पाहिजे. बुद्धीची तपासणी करण्याचे एक छोटे साधन २००५ पासून जगभर वापरात आहे. तीस गुणांची परीक्षा. घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा, पाच शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळाने सांगा, प्राणी ओळखा. सव्वीस किंवा अधिक मिळाले तर ठीक. जन्मभर परीक्षांत पहिला येत गेलेला माणूस अशा परीक्षेत सहसा नापास होत नाही. मोठ्या, तासन्‌तास चालणाऱ्या परीक्षा आहेत. पण त्यांतही गुणांची तुलना होते ती सर्वसाधारण लोकांशी. शंभरातल्या पहिल्या दोघांत असलेला माणूस घसरून पन्नासावा झाला, तर तक्ता म्हणतो 'सरासरी'. घसरला किती ते तक्त्याला दिसत नाही. तो कोठे उभा आहे तेवढेच दिसते. पिढीजात श्रीमंत माणसाचे नव्वद टक्के धन बुडाले आणि उरलेले शेजाऱ्याइतके असले, तर त्याचे काहीच बुडाले नाही असे म्हणण्यासारखे हे आहे. आमच्या वकिलांचे निम्मे कौशल्य हा एक मुद्दा तज्ज्ञांकडून नीट लिहवून घेण्यात जाई: पूर्वी हा माणूस काय होता, त्याच्याशी ताडून पाहा.

आणि या नकाराचा अर्थ तरी काय होतो? कंपनी डॉक्टरांना लिहिते, 'आपण आपले काम करण्यास समर्थ आहात.' म्हणजे परत जा, सुरी हातात घ्या. ज्या अधिकाऱ्याने त्या पत्रावर सही केली, त्याच्या स्वतःच्या मुलीचे अपेंडिक्स काढायची वेळ आली तर तो तिला या डॉक्टरांच्या टेबलावर झोपवील काय? मला असे पत्र टाइप करणाऱ्या टायपिस्टचीही कीव येई. दाव्याच्या टेबलाभोवती खुर्च्या दोनच असतात, एक कंपनीची, एक डॉक्टरची. तिसरा जो रोगी, ज्याच्या अंगावर हे सारे शेवटी येते, त्याला खुर्चीच नाही.

कायद्याचीही गंमत पाहा. नोकरीमार्फत मिळालेल्या सामुदायिक पॉलिसीला तिकडे १९७४ चा एक संघराज्याचा कायदा लागू होतो. तो झाला कामगारांच्या निवृत्तिवेतनाचे रक्षण करण्यासाठी. पण त्यातून निघालेली रीत अशी, की नकार आला तर १८० दिवसांच्या आत अपील करायचे, तेही कंपनीकडेच. आणि पुढे कोर्टात गेलात तर न्यायाधीश बहुधा तीच फाइल वाचतो, साक्षीदार सहसा बोलावत नाही. म्हणजे जे काही सांगायचे ते त्या १८० दिवसांत कागदावर आले पाहिजे. आज कोणता वार आहे हे ज्याला बायकोला विचारावे लागते, त्याला ही मुदत! म्हणून वकील लागतो. वकिलाशिवाय धडधाकट माणसाला जे कठीण, ते या माणसाला अशक्यच.

आमच्या कचेरीत आलेल्या प्रत्येक डॉक्टरला वकीलसाहेब पहिल्या भेटीत एक वाक्य सांगत: 'मला विचारल्याशिवाय कामात काहीही कमीजास्त करू नका.' प्रथम ऐकणाऱ्याच्या कानाला हे वाक्य खटकते. सद्बुद्धी असलेला माणूस आपण होऊन मोठ्या शस्त्रक्रिया सोडतो, आणि पॉलिसी त्याला त्याबद्दल दंड करते. जो शेवटच्या दिवसापर्यंत बेधडक कापत राहतो, त्याचा दावा मात्र स्वच्छ! असा करार लिहिणाऱ्यांनी सदाचारावर कर बसवला आहे, असे मला वाटते. अंशतः काम करणाऱ्याला अंशतः रक्कम देण्याची सोय काही पॉलिसींत असते, पण ती निराळी घ्यावी लागते, आणि तरुण डॉक्टर ती घेतोच असे नाही.

परंतु याला एक दुसरी बाजू आहे, आणि तिच्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. हळूहळू काम कमी करणे हे दिसते तितके उदात्त आहे काय? कोणते काम 'लहान' आणि कोणते 'मोठे' हे ठरवतो कोण? ज्या बुद्धीचा भरवसा उरला नाही, तीच. मोजपट्टीच आखडत चालली असेल तर कापड कोणी मोजायचे? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आधी स्मृती ढळते आणि मग बुद्धीचा नाश होतो असा क्रम सांगितला आहे. तेथील स्मृती अर्थात वेगळ्या अर्थाची आहे, ते राहू द्या. या रोगांत मात्र क्रम नेहमीच तसा नसतो. काही प्रकारांत स्मरण बऱ्यापैकी शाबूत असते आणि तारतम्य आधी जाते. कित्येकांना आपले काही गेले आहे हेच उमगत नाही. ते खोटे बोलत नसतात. ज्या खिडकीतून ते दिसायचे ती खिडकीच बंद झालेली असते. अशा वेळी 'थोडे थोडे सोडतो' हा मार्ग डॉक्टरच्या मनाला सुखाचा असतो, रोग्याच्या पोटाला नव्हे. उद्यापासून पूर्ण रजा घ्या, असे वकिलाने पैशाच्या हिशेबाने सांगितले तरी तो सल्ला नीतीच्या हिशेबानेही बरोबर पडतो. वाईट हेतूच्या सल्ल्याने चांगले होणे, हे जगात अगदीच अपूर्व नाही. येथे तर हेतूही वाईट नव्हता.

आमच्या सर्जनांनी मात्र वकिलांना निराळ्याच पेचात टाकले. कागद लावताना त्या आठ महिन्यांतल्या शस्त्रक्रियांची यादी निघाली. शस्त्रक्रियांचे आकडे कंपनीलाही लागत. बिलावरच्या सांकेतिक अंकांवरून हा माणूस खरोखर काय काम करीत होता ते ती काढते. यादीत एक्केचाळीस हर्निया होते. डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली आणि मला मराठीत विचारले, "यांना कोणी सांगायचं?" मी ते भाषांतर करून वकिलांना सांगितले. वकील म्हणाले, अर्जात तसा प्रश्न नाही. ते खरेच होते. शिवाय अशी चौकशी म्हणजे नवे कागद, नवे कागद म्हणजे कंपनीच्या हातात नवे शस्त्र, आणि कदाचित भरपाईचे खटले. वकिलाचे कर्तव्य अशिलाशी. अशिलाचे गुपित हे त्याच्या धर्मातले पहिले कलम. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत एक अपवाद आहे: कोणाचा मृत्यू किंवा गंभीर इजा जवळजवळ निश्चित असेल आणि ती टाळायची असेल, तर वकिलाने गुपित सांगण्यास मुभा आहे, काही राज्यांनी त्या मुभेची सक्तीही केली आहे. पण झालेल्या शस्त्रक्रियेला तो अपवाद लागत नाही. जे घडून गेले ते गुपितच.

वहिनी बाजूला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आता कशाला? सगळे बरे असतील." त्यांच्याविषयी कोणी कठोर बोलू नये. दोन वर्षे त्यांनी विजेची बिले दोनदा भरली जाऊ नयेत म्हणून रात्री उठून पाहिले होते, गाडी स्वतः चालवायला घेतली होती, पाहुण्यांत नवऱ्याचे वाक्य पुरे केले होते. परिचारिकेने हातावर हत्यार ठेवले, पत्नीने ओठांवर शब्द ठेवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोघींनी केले ते प्रेमाने. आणि तरीही त्या दोघींच्या प्रेमामुळेच तो माणूस टेबलापाशी आठ महिने अधिक उभा राहिला. प्रेमाला येथे दोषी धरावे असे माझे म्हणणे नाही. पण प्रेमाने झाकलेली गोष्ट झाकलेलीच राहते, आणि आत झोपलेल्या रोग्याचीही कोणीतरी वहिनी बाहेर बसलेली असते, एवढे तरी ध्यानात ठेवावे.

डॉक्टर बधले नाहीत. ते म्हणाले, "मी हे विसरण्याआधी करा." शेवटी वकिलांनी मार्ग काढला. तिकडच्या इस्पितळांत डॉक्टरांच्या कामाची डॉक्टरांनीच तपासणी करण्याच्या समित्या असतात, आणि बहुतेक राज्यांत त्यांच्या कागदांना कोर्टापासून संरक्षण असते. त्या समितीपुढे यादी गेली. दोन रोग्यांना परत बोलावून तपासले; दोघेही ठणठणीत होते. दाव्याचे काय झाले म्हणाल, तर कंपनीने अपिलात तो मान्य केला. मोठ्या शस्त्रक्रिया सोडल्या तीच तारीख आम्ही अर्जात कायम ठेवली होती, त्या परिचारिकेच्या लेखी जबानीच्या आधारावर. ती जबानी देताना ती बाई रडली, कारण आपण सरांविरुद्ध लिहीत आहोत असे तिला वाटत होते. वस्तुतः तिचाच कागद त्यांच्या सर्वांत उपयोगी पडला.

हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही. अमेरिकेत येल न्यू हेवन इस्पितळाने सत्तरी गाठलेल्या आपल्या वैद्यकीय मंडळींना नेमणुकीच्या नूतनीकरणाच्या वेळी बुद्धीची चाचणी लावली. २०२० च्या जानेवारीत तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: १४१ जणांपैकी १८ जणांत, म्हणजे १२.७ टक्क्यांत, स्वतंत्रपणे काम करण्यास बाध येईल अशी उणीव दिसली. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की या अठरांपैकी एकाचीही तक्रार तोपर्यंत वरिष्ठांकडे आलेली नव्हती. पुढल्याच महिन्यात सरकारी समान-संधी आयोगाने त्या इस्पितळावर खटला भरला, की केवळ वयावरून परीक्षा घेणे हा भेदभाव आहे. दोन्ही पक्षांचे म्हणणे मला पटते, आणि ही फार गैरसोयीची अवस्था आहे. अमेरिकेत प्रवासी विमान कंपनीचा वैमानिक पासष्टीला उतरतो. कोणी त्याला भेदभाव म्हणत नाही. पण वैमानिक आपल्याबरोबर स्वतःही पडतो, म्हणून तो नियम त्यालाही मानवला असेल. माझा कल परीक्षेकडे आहे. मात्र परीक्षेत नापास झालेल्याच्या पोटाची सोय त्याच कागदावर असावी. नुसती परीक्षा ठेवली तर लोक ती चुकवण्याची विद्या शिकतील. ज्याचे घर, कर्ज, मुलांची शिक्षणे त्या दोन हातांवर उभी आहेत, त्याला 'सत्य सांग' म्हणणे सोपे आहे. त्या सत्याची किंमत कोणी तरी भरायला हवी. तिकडे ती विम्याने भरायची असते, आणि वकील भांडतो तो ती वेळेवर भरली जावी म्हणून. या दृष्टीने पाहिले तर मला आमच्या कचेरीच्या धंद्याची लाज कधी वाटली नाही.

आपल्याकडे? निवृत्त होऊन पुण्यास आल्यापासून मी हे अनेकांना विचारले. खाजगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला येथे वयाची अट नाही. ऐंशीच्या घरातले डॉक्टर पेठेत बसतात, आणि लोक तालुक्याच्या गावाहून त्यांच्याकडे येतात, कारण त्यांच्या हाताला गुण आहे. हा 'हातगुण' मोठा चिवट असतो. बुद्धी गेली तरी तो मागे राहतो असे लोकांना वाटते. चिठ्ठीवर चुकीचे औषध आले तर शहाणा कंपाउंडर बरोबर तेच देतो आणि काही बोलत नाही. कंपाउंडर सुटीवर गेला म्हणजे काय होते, हे कोणी विचारत नाही.

सातारा जिल्ह्यात माझा एक शाळासोबती डॉक्टर आहे. वय सत्त्याहत्तर. त्याला मी ही सारी हकीकत सांगितली तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुमच्याकडे पैसे तरी देतात. इथे मला कोण सांगणार?" काही महिन्यांनी त्याने आपल्या दवाखान्यात हाताखाली असलेल्या तरुण डॉक्टरच्या हाती एक पत्र दिले. 'माझी प्रकृती ठीक नसल्याने मी आजपासून रोगी तपासणे बंद करीत आहे,' एवढाच मजकूर, खाली सही, आणि तारखेची जागा कोरी. "तारीख तू घाल," तो म्हणाला, "मला विचारू नकोस. विचारलंस तर मी नाहीच म्हणणार."

त्याला तीन वर्षे झाली. गेल्या दिवाळीत मी तिकडे गेलो होतो, तेव्हा तो तरुण मला फाटकापर्यंत पोहोचवायला आला. ते पत्र हातून कधी तरी पुढे करता येईल की नाही याची त्याला खात्री नाही; ज्यांनी हात धरून टाके घालायला शिकवले त्यांच्यासमोर तो कागद कसा ठेवायचा, असे तो म्हणाला. मात्र रोज संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर तो सरांनी दिवसभरात लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या नकला काढून बसतो आणि एकेक वाचतो. सरांना ते ठाऊक आहे. ते जाताना टेबलावरचा दिवा चालू ठेवून जातात.